सात ते नऊ डावीकडे वळू नये

"नाही," मी म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. तोंडाने इतक्या चटकन नाही म्हटलं की मनाला विचारायला सवडच मिळाली नाही. माझी मैत्रीण अस्नाकेच समोर बसली होती, तिच्या घरातल्या बुटक्या टेबलाशी, नाकावर चष्मा आणि पुढ्यात माझा नागरिकत्वाचा अर्ज. दर शनिवारी दुपारी तिच्याकडे कॉफी होते, आणि कॉफीच्या निमित्ताने आर्लिंग्टनमधली आमची निम्मी मंडळी आपापले कागद तिच्याकडून भरून घेतात. त्या दिवशी मी एकटाच होतो. ती प्रश्न वाचायची, आमच्या भाषेत सांगायची, मी उत्तर द्यायचो, ती निळ्या पेनाने खूण करायची. दारूचं व्यसन आहे का. कुठल्या बंडखोर टोळीत होता का. कोणाचा छळ केलाय का. एकाच वेळी एकाहून जास्त बायका होत्या का. यावर मी म्हणालो, एकीलाच टिकवता आलं नाही, पुढचं काय घेऊन बसलीस, आणि ती मनापासून हसली. त्या हसण्यातच तिने पुढचा प्रश्न वाचला. कधी कुठल्या पोलिसाने तुम्हाला अडवून कागद दिलाय का? "नाही." तिचं पेन कागदाच्या वर तसंच राहिलं. "नीट आठवा, गाशे," ती म्हणाली. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठा, म्हणून ती मला गाशे म्हणते. "गाडीचा दंडसुद्धा चालतो. तोही सांगायचा असतो." मी पुन्हा नाही म्हणालो. तिने पेन खाली ठेवलं, पेनांच्या डब्यातलं दुसरं काहीतरी उचलून खूण केली आणि पान उलटलं. मग तिने तिसरी कॉफी ओतली. तिसऱ्या कपाला आमच्यात आशीर्वादाचा कप म्हणतात, तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं. मी तो घेतला. चव काही लागली नाही.

मला लहानपणापासून उकरायची खोड आहे. खपली धरली की ती निघेपर्यंत मला चैन पडत नाही, असं आई अजून फोनवर सगळ्यांना सांगते. त्यामुळे रविवारपासून मी त्या 'नाही'ला धरून बसलो. मी भूमिगत पार्किंगच्या खिडकीत काम करतो. गाडी आत आली की यंत्र वेळ छापून पावती देतं, बाहेर जाताना मी ती पावती बघतो. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा तपासतोय, आणि मला स्वतःला आयुष्यात एकच पावती मिळाली, तीही वेळ चुकल्याबद्दल. ती मी विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. पण विसरलेलं नव्हतं. तो रस्ता, तो खांब, त्यावरची पाटी, पोलिसाच्या हातमोज्याचं बोट फाटलेलं होतं ते, सगळं माझ्यासमोर लख्ख होतं. मग नाही कोण म्हणालं? मी खिडकीत बसून या नाही म्हणणाऱ्या माणसाचा विचार करायचो, आणि त्याचा राग येण्याऐवजी मला त्याची उत्सुकता वाटायची. हा गडी इतकी वर्षं माझ्यात राहतो, माझी कॉफी पितो, आणि माझी त्याची साधी ओळख नाही.

पावतीवर तारीख होती एकोणतीस जानेवारी. आमच्या पंचांगात त्या दिवशी मारियमचा, म्हणजे देवमातेचा, मोठा सण. आणि अस्नाकेचच्या आईचं वर्षश्राद्ध त्याच दिवशी असतं. म्हणजे तिची आई गेली आठवडाभर आधी, तिकडे मायदेशी देस्सीला, पण अस्नाकेचला कळलं त्या दिवशी, म्हणून ती तोच दिवस धरते. अर्जात 'हो' म्हणायचं तर खाली तारीख लिहावी लागते. लिहिणार कोण, तर अस्नाकेच. तिने तारीख ऐकली की तिला सगळं कळणार, आणि तिला कळू नये म्हणून तर आम्ही नऊ वर्षं गप्प होतो.

वाईट बातमी फोनवर देणं आमच्यात माणुसकीला धरून नाही. ती आधी ओळखीच्या चौघांकडे येते. ते ती पोटात ठेवतात, आठवडा, कधी महिनासुद्धा. ज्याचं माणूस गेलं तो भेटला तर हसून बोलतात, तब्येत विचारतात. मग एक सकाळ ठरते. उजाडता उजाडता, तो कामाला निघायच्या आत, चार वडीलधारी त्याच्या दाराशी उभी राहतात. पांढरी नेटेला, आमची पातळ सुती शाल, सणाला पांघरतात तेव्हा काठ खाली सोडतात, दुःखात तोच काठ वर गळ्याशी घेतात. त्यामुळे बोलावं लागत नाही. दार उघडणाऱ्याला कळतं. पण तो कोसळतो तेव्हा त्याला धरायला आठ हात असतात, आणि सारं काही त्या आठ हातांसाठीच असतं. अस्नाकेच तेव्हा या देशात नवीन होती, एकटी राहायची, इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जायची. तिला सांगायचं म्हणून आम्ही मारियमचा दिवस नेमला. बैरूतला तिची मावसबहीण होती, ती रोज फोन करून विचारायची, सांगितलं का, मला रडायचंय, मी किती दिवस कोंडून ठेवू. तिला सांगून ठेवलं की गुरुवारी सकाळी दीड वाजता फोन कर, तोवर आम्ही अस्नाकेचजवळ असू.

दीड म्हणजे आमचा दीड. आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, इथले लोक ज्याला सकाळचे सात म्हणतात त्या वेळी आमचा एक वाजतो. पार्किंगच्या खिडकीत मी त्यांची वेळ वापरतो, बाहेर आलो की आमची. गाडीतलं घड्याळ मी पहिल्याच दिवशी आमच्या वेळेवर लावलं होतं. गाडी माझी, तिच्यात वेळ तरी माझी असू दे, एवढाच माज. त्या पहाटे गाडीत आम्ही पाच जण होतो. पुढे गाशे देमिसे, सत्तरीचे, आमच्या मंडळींतले सगळ्यात वडील. मागे तिघं. सगळ्यांच्या नेटेलाचा काठ गळ्याशी. कोणी बोलत नव्हतं. अशा वेळी गाडीत बोलत नाहीत, जो तो आपलं पहिलं वाक्य शोधत असतो. पाइक नावाच्या हमरस्त्यावरून तिच्या गल्लीत जायला डावीकडे वळावं लागतं. तिथे खांबावर पाटी आहे, सात ते नऊ डावीकडे वळू नये. ती मी शेकडो वेळा वाचलेली. त्या दिवशीही वाचली. वाचून घड्याळाकडे पाहिलं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. सात वाजायला खूप वेळ होता. मी वळलो.

पोलीस पोरगेलासा होता, नम्र होता. त्याने गाडीत डोकावून त्या पाच पांढऱ्या आकृत्या पाहिल्या आणि विचारलं, एवढ्या सकाळी सगळे कुठे निघालात. आता इथे मी नेहमी थांबतो. त्याला एवढंच सांगायचं होतं की मैत्रिणीची आई वारली आहे, तिला सांगायला चाललोय. त्याने टोपी काढली असती आणि आम्हाला जाऊ दिलं असतं. वाक्य माझ्या तोंडाशी होतं, इंग्रजीही जमत होतं. पण जिची आई गेली तिला अजून माहीत नाही, आणि ते मी रस्त्यावरच्या परक्या पोलिसाला आधी सांगायचं? मला ते जमेना. मी म्हणालो, कामाला. त्याने मग सगळं रीतसर केलं. परवाना, कागद, त्याच्या गाडीत जाऊन बसणं. वीस मिनिटं गेली. आम्ही तिच्या दाराशी पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. ती सव्वाच्या बसने निघून गेली होती. दीड वाजता बैरूतच्या बहिणीने ठरल्याप्रमाणे फोन केला, आणि अस्नाकेचला आईची बातमी चालत्या बसमध्ये, परक्या माणसांत, उभ्याने मिळाली.

संध्याकाळी आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिने एकच विचारलं, तुम्ही का नाही आलात. मी तोंड उघडायच्या आत गाशे देमिसे म्हणाले, माझी चूक, पोरी, माझा डोळा लागला, माझ्यासाठी थांबले सगळे. आणि त्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. मी गप्प राहिलो. त्यांना वाटलं असेल, हे पोरगं पुढे वीस वर्षं हिच्या डोळ्यांसमोर वावरणार आहे, आपण काय, आज आहोत उद्या नाही. पाच वर्षांनी ते गेले. त्यांच्या दिवसांना अस्नाकेचने स्वतः पदार्थ रांधले. दर वर्षश्राद्धाला कोणीतरी हळूच म्हणतंच, बिचाऱ्या देमिसेंची ती झोप, आणि मी ताटातल्या घासाकडे बघत बसतो. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर मी माझं वळण लिहून ठेवलंय, आणि ते तसंच राहावं म्हणून माझं तोंड मला न विचारता नाही म्हणून मोकळं झालं. सोमवारी दुपारी खिडकीत बसल्या बसल्या हे माझ्या ध्यानात आलं, आणि खरं सांगतो, शरम वाटायच्या आधी मला कोडं सुटल्याचा आनंद झाला. शरम मंगळवारी आली.

मंगळवारी आईचा फोन आला. आई ब्याऐंशीची. नागरिक झाल्याशिवाय तिला इकडे आणता येत नाही, म्हणून तर हा अर्ज. ती विचारत होती की तिकडे थंडीत कोळसा मिळतो का, आणि स्वतःची कॉफीची सुरई बरोबर आणली तर चालेल का. मी हो हो म्हणत होतो. आमच्यातल्या एकाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, त्याने अर्जात नाही म्हटलं होतं आणि अधिकाऱ्याच्या यंत्रात हो निघालं. अधिकारी बाई त्याला म्हणाल्या, दंड क्षुल्लक आहे हो, त्याचं काही नाही, पण तुम्ही शपथेवर खोटं बोललात. त्याचा कागद तिथेच अडला. तेव्हा हिशेब सरळ होता. 'नाही' ठेवलं तर आई जाईल, 'हो' म्हटलं तर शनिवार जाईल. शनिवार म्हणजे काय हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायको सोडून गेल्यावर या शहरात मला आपुलकीने हाक मारणारं, माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर घालणारं एकच घर आहे. ते गेलं तर माझ्याजवळ पार्किंगची खिडकी उरते. मला त्याची भीती वाटत होती. त्यातच अलीकडे एक नवीन खोड लागली होती. सकाळी दाराबाहेर आमच्या लोकांची गाडी दिसली की मी आधी आतली माणसं बघतो, नेटेलाचा काठ कुठे आहे ते. ब्याऐंशी म्हणजे कमी नाही.

गुरुवारी माझी सुट्टी होती. मी सकाळी तिच्या जुन्या स्टॉपवर जाऊन सव्वाची बस पकडली. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. खपली म्हणा. ती जिथे उभी असेल तिथे, मागच्या दाराजवळच्या दांड्याला धरून, मी उभा राहिलो. आत धुलाईघरातल्या, स्वयंपाकघरातल्या बाया होत्या, निम्म्या पेंगत होत्या. दिवस नुकता फुटत होता, काचेवर वाफ धरली होती. पाइकच्या त्या कोपऱ्यावर सिग्नल लागला आणि बस थांबली. मी बाहीने काच पुसली. समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, ती जागा होती, जिथे मी गाडी कडेला घेतली होती. खांब दिसत होता. पाटी दिसत होती. नऊ वर्षांत मी हे पाहिलंच नव्हतं. मी नेहमी त्या गाडीच्या आतून बघत आलो, बाहेरून आम्ही कोणाला दिसत असू हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग मी स्वतःला समजावलं. ती दुसऱ्या बाजूला असेल. काचेवर वाफ असेल. मान खाली असेल, त्या वेळच्या बसमध्ये कोण बाहेर बघतं. सिग्नल सुटला. मी स्टॉप मोजत गेलो. तिसऱ्या स्टॉपवर माझ्या मनगटावर दीड वाजला. मी तिथेच उतरलो आणि बाकावर बसून राहिलो, उन्हं अंगावर येईपर्यंत.

शनिवारी तिने नेहमीसारखे दाणे भाजले, भाजताना कढई माझ्यापुढे आणून वास घ्यायला दिला. पहिला कप झाला. गप्पा झाल्या, तिच्या भाचीचं लग्न, वरच्या मजल्यावरच्या माणसाचा कुत्रा. दुसरा कप झाला. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मध्ये ती निखारे फुंकत होती, तिची पाठ माझ्याकडे होती, तेव्हा मी म्हणालो की अर्जात एक उत्तर चुकलंय. ती वळली नाही. मी सगळं सांगितलं. पाटी, घड्याळ, वीस मिनिटं, गाशे देमिसेंचा टेबलाखालचा पाय. सांगताना माझा आवाज खिडकीतल्या माणसाचा निघत होता, गाडी केव्हा आली, केव्हा गेली. सांगून झालं तरी ती निखारे फुंकतच होती.

"पोलिसाने विचारलं असेल ना, कुठे चाललात म्हणून," शेवटी ती म्हणाली.

"विचारलं. कामाला म्हणून सांगितलं."

"खरं सांगितलं असतंत तर त्याने सोडलं असतं."

"सोडलं असतं. पण तुला सांगायच्या आधी त्याला कसं सांगू?"

ती उठली, कपाटातून माझा अर्ज काढून टेबलावर ठेवला आणि ते पान उघडलं. सगळ्या खुणा निळ्या शाईच्या होत्या. एक सोडून. ती शिसपेन्सिलीची होती, तीही इतकी फिकी की नीट बघावं लागत होतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"आज नसतं बदललंत, तर पुढच्या शनिवारी बदललं असतं," ती म्हणाली. "मी काही घाईत नव्हते. तुमची आई यायचीय, गाशे. ती माझ्यामुळे अडायला नको."

मग ती माझ्यासमोर बसली आणि तिने सांगितलं. बस सिग्नलला थांबली होती. तिने वाफ पुसली होती, कारण निळे दिवे चमकत होते आणि कोणाचा अपघात झाला की काय ते बघायचं होतं. माझी गाडी तिने लगेच ओळखली. मग आतली माणसं. मग नेटेला. गळ्याशी आलेला काठ तिला दिसला आणि तिला कळलं की ही मंडळी कोणाकडे तरी निघाली आहेत. गाडीचं तोंड तिच्या घराकडे होतं. ते दिसलं नाही असं नाही, ती म्हणाली, दिसलं, पण मी ते बघितलं नाही. इतकी वर्षं तिने हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तेव्हा ती म्हणाली की म्हाताऱ्या माणसाने स्वतःहून अंगावर घेतलेली गोष्ट त्याच्या हातातून कशी काढून घ्यायची. आणि नंतर तो राहिलाच नाही.

मला खरं तर इथे थांबायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. पण खोड जात नाही. मी विचारलं, "सिग्नलपासून फोन येईपर्यंत तीन स्टॉप होते. तेवढ्यात तू काय केलंस?"

"प्रार्थना केली," ती म्हणाली. "मारियमचा दिवस होता ना. म्हटलं, मारियम, ज्या बाईच्या दारात ही माणसं चालली आहेत, ती एकटी नसू दे. तिला खाली बसायला कोणीतरी जागा दे. मग फोन वाजला. मी काय ओरडले मला आठवत नाही. पण एक माणूस उठला, रंगाऱ्याचे कपडे होते त्याचे, आणि त्याने मला दंडाला धरून आपल्या जागेवर बसवलं. शेवटच्या स्टॉपपर्यंत तो धरून उभा होता. त्याची भाषा मला येत नव्हती."

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. तिने तिसरी कॉफी ओतली, माझ्या कपात दोन चमचे साखर घालून ढवळली, आणि रबराने ती फिकी खूण पुसली. मग डब्यातून निळं पेन उचललं आणि 'हो'वर खूण केली. खाली जागा कमी होती म्हणून तिने जोडायचा कोरा कागद घेतला. कारण लिहिलं, रस्त्याचं नाव लिहिलं, तारीख मला न विचारता लिहिली.

"वेळ?" तिने विचारलं.

"एक वाजून पाच."

तिने सात वाजून पाच लिहिलं.